न कळवता आलेला पाहुणा

ढग दुपारीच येऊन नेमका त्रेचाळिसाव्या मजल्यावर बसला आणि काही केल्या हलेना. झेनॉन कुलेशाला ही गोष्ट फार मनाला लागली. वॉर्सावर ढग येतात, डिसेंबरात तर येतातच, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण आल्टा टॉवरमध्ये राहायला आल्यापासूनची ही पहिली विगिलिया. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला सगळं घर पहिल्यांदाच त्याच्याकडे जमलेलं, दिवाणखान्याच्या तीन भिंती जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या, आणि त्यांतून दिसत काय होतं, तर कापूस.

"इथून एरवी नदी दिसते," तो आईला म्हणाला. "आणि ह्या बाजूला पार ग्रोखूफपर्यंत. आपल्या जुन्या घराचं छप्परसुद्धा. काल काय स्वच्छ दिसत होतं."

लेओकादियाबाईंनी त्याच्या बोटाच्या रोखानं कापसाकडे बघितलं, मान डोलावली आणि आपलं भांडं कुठे आहे असं विचारलं.

भांडं मालवाहू लिफ्टनं येत होतं. बाईंनी सकाळी उठून कार्प मासा तळला होता, भांडं दोन टॉवेलांत गुंडाळून मांडीवर घेऊन त्या ट्रामनं आल्या होत्या, आणि खाली रिसेप्शनवरच्या सेबास्तियाननं ते फार अदबीनं त्यांच्या हातून काढून घेतलं होतं. वास येणारे पदार्थ पाहुण्यांच्या लिफ्टमधून नेता येत नाहीत. हा नियम कुणी केला असं बाईंनी विचारलं नव्हतं. सेबास्तियाननं आपणहून सांगितलं. अध्यक्षसाहेबांनी.

वॉर्सात ज्याच्या हाताखाली दोन माणसं असतात त्याला लोक अध्यक्षसाहेब म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण झेनॉन खरोखरच अध्यक्ष होता, आल्टा टॉवरच्या रहिवासी समितीचा. अर्ध्या शहराच्या न्हाणीघरांना त्याच्या दुकानातल्या फरश्या लागल्या होत्या, आणि ते काम आपोआप चालत असल्यामुळे त्याला नियम करायला भरपूर वेळ होता. लॉबीत सायकली नकोत. बाल्कनीत रग झटकायचे नाहीत. आणि सणाच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची नावं आदल्या संध्याकाळपर्यंत रिसेप्शनला कळवलीच पाहिजेत. न कळवता आलेल्याला पाहुण्यांच्या लिफ्टनं वर सोडलं जाणार नाही. ह्या शेवटच्या नियमापायी चव्वेचाळिसाव्या मजल्यावरच्या बोरुत्स्कींची लुब्लिनहून आलेली आत्या ईस्टरला केक मांडीवर घेऊन खाली ताटकळली होती. तेव्हापासून बोरुत्स्की लिफ्टमध्ये झेनॉनला पाठ दाखवून उभे राहत. त्याचंही झेनॉनला वाईट वाटत नसे. नियम लागू पडतोय, एवढंच त्याला त्यातून दिसे.

जेवणाची बाजू इवोनाकडे होती. झेनॉनच्या बायकोनं आयुष्यात बरंच सोसलं होतं, त्यातली तिला सगळ्यात असह्य गोष्ट म्हणजे सासरचं जेवण. पद्धत आहे म्हणून टेबलक्लॉथखाली गवत घालायला तिची हरकत नव्हती, पण सजावटकार म्हणाला की गवताची कुसळं पडतात, म्हणून गवत टेबलाच्या काचेत बंद करून घेतलं होतं. पद्धतीप्रमाणे पदार्थ बाराच होते. ते मागवले होते फ्रेंच बल्लवाकडून, आणि प्रत्येक अंगठ्याएवढा. बीटाचं सार काचेच्या नळ्यांत. डम्पलिंग माणशी एक. कार्प माशाचा फेस केला होता. बाराच्या बारा पदार्थ एकत्र केले असते तरी ग्रोखूफमधल्या एका माणसाची भूक भागली नसती.

सहा ताटं घरच्यांची, आणि सातवं रिकामं. हेही पद्धतीनंच. विगिलियाला एक ताट जास्त मांडायचं, कुणी न कळवता दारात आलं तर त्याच्यासाठी. इवोनानं त्या ताटात पाइनची डहाळी ठेवली होती, शेजारी सोनेरी अक्षरांत 'अनपेक्षित पाहुणा' लिहिलेलं कार्ड उभं केलं होतं आणि त्याचा फोटो दुपारीच सगळ्यांना पाठवला होता. सत्तर लोकांना तो आवडला होता.

"ताट छान मांडलंयस गं," लेओकादियाबाई म्हणाल्या. इवोना चकित झाली. सासूबाईंनी तिच्या कशालाही छान म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

झेनॉनचं लक्ष खिडकीकडे होतं. त्याची बहीण दानुता आणि तिचा नवरा रिशार्ड येऊन काचेला नाक लावून उभे होते आणि कापसाची स्तुती करत होते. रिशार्ड झेनॉनच्या मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक होता, त्यामुळे त्याला मेव्हण्याचा ढगसुद्धा उंची दर्जाचा वाटणं भाग होतं. "असा ढग खालच्या मजल्यांना मिळतच नाही, अध्यक्षसाहेब," तो म्हणाला. घरी तरी मला नावानं हाक मार, असं झेनॉननं त्याला आजवर एकदाही सांगितलं नव्हतं.

खरं सांगायचं तर हे घर झेनॉननं एका माणसाला दाखवायला घेतलं होतं, आणि तो माणूस सोडून सगळं वॉर्सा ते बघून गेलं होतं. दातांचे डॉक्टर बघून गेले, बिशपचे चिटणीस बघून गेले, माल्विनाच्या विद्यापीठातली मुलं तर बूट घालून बघून गेली. सगळे आ वासून उभे राहत आणि झेनॉनला आतून काही म्हणजे काही होत नसे. त्याला धाकटा भाऊ त्या काचेपाशी उभा हवा होता. वितोल्डनं खिशात हात घालून सगळीकडे बघावं आणि त्याच्या त्या सुस्त आवाजात म्हणावं, बरं आहे की रे. तेवढ्यानं काम भागलं असतं.

पण वितोल्डशी बोलणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांचे वडील गेले तेव्हा झेनॉननं त्यांच्या थडग्याला स्वतःच्या गोदामातला सगळ्यात उत्तम दगड लावला होता. काळाभोर इटालियन ग्रॅनाइट, आरशासारखा घोटलेला, कडेनं चकचकीत पट्टी. नोव्हेंबरात मृतांच्या सणाला ब्रुद्नोच्या दफनभूमीत सगळं गोत मेणबत्त्या घेऊन जमलं. वितोल्डनं दगडाला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "झेनेक, बाबांना तू न्हाणीघरात ठेवलंस." मावशी हसली. चुलते हसले. पाद्रीबाबा खोकले, पण ते खोकणं कसलं होतं ते झेनॉनला कळलं. त्या दिवसापासून त्यानं भावाचं नाव टाकलं. माफी मागितली तर बघू, असं त्यानं दानुताकरवी कळवलं होतं. वितोल्डनं निरोप मिळाला असं दानुताकरवीच कळवलं, आणि पुढे काही नाही.

चार वाजायच्या सुमाराला कापूस राखाडी झाला, मग काळा. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय विगिलियाला कुणी जेवायला बसत नाही, आणि चांदणी बघण्याचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं. झेनॉनची मुलगी माल्विना वीस वर्षांची असली तरी लहान तीच होती, म्हणून ती काचेपाशी मांडी घालून बसली होती. तिला स्वतःचं प्रतिबिंब सोडून काही दिसत नव्हतं. रिशार्डनं मोबाइल काढला आणि चांदणी शास्त्राप्रमाणे केव्हाच उगवली आहे, फक्त ढगाच्या वर आहे, असं जाहीर केलं. लेओकादियाबाई म्हणाल्या, शास्त्राप्रमाणे कार्पसुद्धा शिजलाय, पण आपण खायला बसलोय का.

तेवढ्यात भिंतीवरचा इंटरकॉमचा पडदा उजळला आणि त्यात सेबास्तियानचं गुळगुळीत तोंड आलं.

"माफ करा, अध्यक्षसाहेब. खाली एक गृहस्थ आलेत. नाव कळवलेलं नाही. वितोल्ड कुलेशा म्हणून सांगतायत."

सेबास्तियानच्या खांद्यामागे लॉबीतला पांढरा सोफा दिसत होता. त्यावर आल्टा टॉवरमध्ये कुणी कधी बसत नसे. आता त्याच्या अगदी टोकाला एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. डोक्यावरचे केस गेले होते. पाच वर्षांपूर्वी होते.

पाठव वर, हे शब्द झेनॉनच्या जिभेवर आले होते. पण मागे दानुता होती, रिशार्ड होता, आणि ज्या माणसानं पाच वर्षं ताठ मान ठेवली त्याची मान अशी एका मिनिटात कशी वाकणार?

"ह्याला कुणी बोलावलं?" त्यानं विचारलं.

"मी," लेओकादियाबाई म्हणाल्या. "फोटो बघितला ना तुझ्या बायकोचा. ताट मांडलेलं दिसलं. म्हटलं, जागा आहे तर ये."

"आई, ते ताट पद्धत म्हणून मांडतात."

"कशाची पद्धत?"

झेनॉननं नियमाचा आधार घेतला. नियम त्यानंच केला होता, त्याच्याच सहीचा कागद खाली चौकटीत लावलेला होता, आणि आज भावासाठी तो मोडला तर उद्या बोरुत्स्की आत्याला घेऊन दारात उभे राहतील. दानुतानं लगेच त्याची बाजू घेतली. रिशार्डला नोकरी लागल्यापासून तिची मतं पगाराच्या तारखेला नियमितपणे झेनॉनच्या बाजूला पडत. वितेकला फोन करता येत नव्हता का, ती म्हणाली, आणि इतकी वर्षं हिंडून आजच बरा उगवला. रिशार्डनं मान हलवली. इवोनानं तर सरळ सांगितलं की बल्लवाकडून सहाच माणसांचे पदार्थ मागवले आहेत, सातव्या ताटात वाढायला काहीच नाही.

"म्हणजे पाहुणा आला असता तर त्याला डहाळी वाढणार होतीस?" माल्विनानं विचारलं. तिनं काचेकडे पाठ फिरवली होती. घरातली पहिली वीट तिथे निखळली.

झेनॉनला ह्यातून वाट काढायची होती. त्याचा जीव त्या पडद्यातल्या टोपीत अडकला होता, पण वाट आपल्या बाजूनं निघायला नको होती. वितोल्डनं एक शब्द बोलावा, बाकीचं तो सांभाळून घेणार होता. त्यानं सेबास्तियानला सांगितलं, त्या गृहस्थांना विचारा, त्यांना मला काही सांगायचं आहे का.

सेबास्तियान पडद्यातून गेला. दूरवर सोफ्यापाशी वाकलेला दिसला. तो परत आला.

"विचारलं, अध्यक्षसाहेब. ते म्हणाले, इथली फरशी चांगली आहे."

लॉबीतली फरशी झेनॉननंच पुरवली होती. काळी, इटालियन, आरशासारखी घोटलेली. आता ही स्तुती होती की पुन्हा तोच टोमणा, ह्यावर दिवाणखान्यात वाद सुरू झाला. रिशार्डच्या मते स्तुती, कारण फरशी खरंच चांगली होती. इवोनाच्या मते उद्धटपणा. आणि दानुता, जिनं एवढा वेळ झेनॉनची बाजू लावून धरली होती, ती ओठ घट्ट मिटून बसली, मग तिच्या नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले. पाच वर्षं दाबून ठेवलेलं ते हसू होतं. "न्हाणीघर," एवढंच ती कसंबसं म्हणाली आणि तिनं रिशार्डच्या बाहीत तोंड लपवलं. रिशार्ड नोकरी गेल्यासारखा पांढरा पडला.

झेनॉन लालबुंद झाला होता. "त्याला सांगा," तो पडद्याकडे वळून म्हणाला, आणि काय सांगायचं ते त्याला सुचेना.

लेओकादियाबाई उठल्या. टेबलाच्या मधोमध रुमालावर ओप्वातेक ठेवला होता, पोस्टकार्डाएवढी पातळ पांढरी पापडी, येशूच्या जन्माचं चित्र उठवलेली. जेवणाआधी प्रत्येकानं प्रत्येकाच्या पापडीचा तुकडा मोडून खायचा, शुभेच्छा द्यायच्या, मनातलं काढून टाकायचं, आणि मगच घास घ्यायचा. बाईंनी रुमालासकट पापडी उचलली आणि छातीशी धरली.

"मी हे कुणाबरोबर मोडणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "घरात ह्याच्याशिवाय काही नव्हतं तेव्हासुद्धा मोडलंय मी. तुझे बाबा गेले त्या वर्षीही मोडलं. पाच वर्षं एकदा तुझ्याबरोबर आणि एकदा त्याच्याबरोबर, दोन घरांत दोनदा मोडतेय, भिकारणीसारखी. आता मी ब्याऐंशीची आहे, झेनेक. दोघं एकदम समोर दिसल्याशिवाय आता नाही."

इवोनानंच तोंड उघडलं, आणि तिच्या कारणाला आईच्या कारणाची उंची नसली तरी वजन होतं. "झेनॉन, जा खाली," ती म्हणाली. "फेस बसायला लागलाय."

झेनॉन कोट न घालताच निघाला. हिशेब मिटवायला जातोय, अशा थाटात गेला.

पाहुण्यांची लिफ्ट इमारतीच्या बाहेरच्या अंगानं, सगळी काचेची. तिच्यातून उतरताना शहर पायांखाली उलगडत येतं, अशी त्या लिफ्टची जाहिरात होती. पाच-सहा मजले नुसता ढग होता. मग तो संपला आणि खाली दिव्यांनी भरलेलं वॉर्सा एकदम उघडं पडलं, ट्रामच्या तारा, चर्चबाहेरची गर्दी, सगळं. झेनॉननं तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. तू सुरुवात केलीस. सगळ्यांच्या देखत केलीस. मी बाबांसाठी होतं ते सगळ्यात चांगलं दिलं.

वितोल्ड सोफ्यावरून उठला नाही. त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेला खसखशीचा केक होता. तो शाळेत भूगोल शिकवायचा, लग्न केलेलं नव्हतं, आणि बाहीचं बटण नेहमीसारखं तुटलेलं होतं.

"तुला वर सोडतोय मी," झेनॉन उभ्यानंच म्हणाला. "अध्यक्ष म्हणून माझ्या अधिकारात. आईसाठी. चल."

"मी नाही येत."

झेनॉनची जुळवलेली वाक्यं उसळून वर आली. "मग आलास कशाला? सेबास्तियानसमोर माझ्या फरशीची चेष्टा करायला?"

"चेष्टा नाही रे. खरंच चांगली आहे. इतका वेळ तिच्याकडेच बघत बसलो होतो, दुसरीकडे बघवत नव्हतं." वितोल्डनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "झेनेक, ती लिफ्ट काचेची आहे."

झेनॉननं वळून लिफ्टकडे बघितलं.

"तीनदा दारापर्यंत गेलो," वितोल्ड म्हणाला. "नियम वगैरे नंतर. तुझा हा माणूस मला चोर समजत असणार. आई म्हणाली ताट मांडलंय, मला वाटलं आता पन्नाशी उलटली, जमेल. नाही जमलं. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गातसुद्धा मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो. केक वर पाठव, मी निघतो."

आणि झेनॉनला आठवलं. अंगावर गार पाणी पडावं तसं आठवलं. शाळेची सहल, संस्कृतिभवनाच्या तिसाव्या मजल्यावरची गच्ची, मुलं कठड्याला लोंबकळतायत आणि सात वर्षांचा वितेक भिंतीला पाठ लावून खाली बसलाय, डोळे मिटून, दात वाजतायत, आणि मास्तर ओरडतायत. बारा वर्षांच्या झेनेकनं त्याला पाठंगुळी घेतलं होतं. लिफ्टमध्ये यायला तो तयार नव्हता म्हणून जिन्यानं, सगळेच्या सगळे मजले. घरी कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं आणि सांगितलंही नव्हतं. इतकं चोख सांगितलं नव्हतं की तो स्वतःही विसरला.

ज्याला दाखवायचं म्हणून ढगांत घर घेतलं त्या माणसाला खुर्चीवर चढून बल्बसुद्धा बदलता येत नाही. हे घर बघायला सांगताना दातांच्या डॉक्टरांना त्यानं किती मजले सांगितले होते, फुशारकीनं, बोटं नाचवत. आणि पाच वर्षं तो ज्याच्यावर रागावला होता त्या भावाचं त्याला एवढंसुद्धा आठवत नव्हतं. झेनॉनला स्वतःची इतकी लाज वाटली की तो त्या कधी न बसायच्या सोफ्यावर बसला.

दोघं भाऊ काही वेळ फरशीकडे बघत राहिले.

"मालवाहू लिफ्टला काच नाही," झेनॉन म्हणाला.

सेबास्तियान काउंटरमागून खाकरला. नियम पाहुण्यांच्या लिफ्टबद्दल आहे, त्यानं अदबीनं सांगितलं. मालवाहू लिफ्टनं काय जातं ह्याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, वास येणारे पदार्थ तेवढे जातात. वितोल्डनं केकचं फडकं थोडं उघडून दाखवलं. केकला रमचा वास येत होता. आल्टा टॉवरच्या इतिहासात समितीचा अध्यक्ष त्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा चढला तो असा, भावाच्या दंडाला धरून, जाजमांच्या गुंडाळ्या आणि कुणाच्या तरी धुलाई यंत्राच्या मध्ये.

आत भिंतींना गोधडीसारखं जाड अस्तर होतं आणि आईच्या माशाचा वास अजून भरून राहिला होता. दार बंद झालं तसे वितोल्डनं डोळे मिटले आणि भावाची बाही मुठीत धरली.

"कितवा?" त्यानं विचारलं.

झेनॉननं वरचे आकडे बघितले. अकरा झाले होते. "दुसरा," तो म्हणाला.

जरा वेळानं वितोल्डनं पुन्हा विचारलं. झेनॉन म्हणाला, अजून दुसराच, लिफ्ट जुनी आहे, सावकाश जाते. एरवी हा माणूस फक्त दुसऱ्यांच्या लिफ्टला सावकाश म्हणणारा. सव्विसाव्याला तो पुन्हा दुसरा म्हणाला, अडतिसाव्यालाही दुसराच म्हणाला. वितोल्डला ते खोटं आहे हे कळत होतं, कारण भूगोलाच्या मास्तराला एवढं कळतं. त्यानं बाही सोडली नाही, आणि प्रत्येक वेळी दुसरा ऐकून त्याचा श्वास थोडा मोकळा होत होता.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं ते आत आले. बल्लवाची माणसं फेसावर पंखा धरून उभी होती. आणि दिवाणखान्यातून गलका ऐकू आला, कारण नेमका त्याच वेळी ढग उठला होता.

झेनॉन दारात थबकला. तीन भिंती भरून शहर पेटलं होतं. नदी, नदीवरचे पूल, पलीकडे ग्रोखूफ, इतकं स्वच्छ की खिडक्या मोजाव्यात. घरात राहायला आल्यापासून त्यानं स्वतः असं बघितलं नव्हतं. सगळे काचेशी गोळा झाले होते. आई पापडी छातीशी धरून बघत होती. "पप्पा," माल्विना म्हणाली, "चांदणी. ती बघ, पुलाच्या वर."

दिवसभर तो ह्याचीच वाट बघत होता. दिवसभर कसली, घर घेतल्यापासून. आणि ज्याला दाखवायचं तो त्याच्या शेजारी, त्याची बाही धरून, डोळे घट्ट मिटून उभा होता.

झेनॉननं भिंतीवरचं बटण दाबलं.

पडदे छतातून निघाले. सजावटकारानं ते सावकाश उतरणारे निवडले होते, त्यामुळे वॉर्साला झाकायला बराच वेळ लागला. आधी चांदणी गेली, मग पूल, मग नदी. इवोना काहीतरी म्हणायला वळली, तिला नवऱ्याच्या मागे वितोल्ड दिसला, आणि तिनं सातव्या ताटातली डहाळी उचलली. माल्विनानं मात्र उरलेल्या फटीपाशी जाऊन पडद्याचं टोक हातानं खाली ओढलं.

"झालं," झेनॉन म्हणाला. "उघड डोळे. दुसरा मजला आहे."

वितोल्डनं डोळे उघडले. चहूबाजूंनी करडं कापड, मध्ये टेबल, आणि आई. त्याच्या कपाळावर घाम होता. "बरं आहे की रे घर," तो म्हणाला. त्यानं घरातलं काहीच बघितलेलं नव्हतं.

लेओकादियाबाईंनी पापडीचे दोन तुकडे केले आणि एकेक दोघांच्या हातात दिला. आधी तुम्ही एकमेकांबरोबर, त्या म्हणाल्या, मी थांबते. दानुता रडायला लागली होती, आणि आपण नक्की कुणाच्या बाजूनं रडतोय ह्याचा तिनं विचार केलेला दिसला नाही.

झेनॉनकडे शुभेच्छा दर वर्षी तयार असत. उत्तम प्रकृती, भरभराट, नव्या वर्षात नवी शिखरं. शिखरं त्यानं मनातल्या मनात गाळली, आणि मग उरलेलंही जमेना. त्यानं भावाच्या पापडीचा कोपरा मोडला.

"बाबांचा दगड काढतो," तो म्हणाला. "वसंतात. साधा लावू, तू म्हणशील तसा."

वितोल्डनंही त्याच्या पापडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चघळत राहिला.

"राहू दे," तो म्हणाला. "पुसायला सोपा पडतो."

झेनॉननं त्याच्याकडे बघितलं. पाच वर्षं तो रविवारी प्रार्थना आटोपून ब्रुद्नोला जात होता. थडग्यावर कधी पान पडलेलं दिसलं नव्हतं, कधी मेणाचा ओघळ दिसला नव्हता, आणि तिथे उभं राहून तो मनातल्या मनात इटालियन खाणीला शाबासकी देत असे.

"तू जातोस?"

"शनिवारी," वितोल्ड म्हणाला. "तू रविवारी येतोस ना, म्हणून."